उंबरठ्यावरचा ठिपका

शिरीष हसबनीसांना चौऱ्याण्णव गुण मिळाले आणि त्यांच्या बायकोला एकवीस.

कोल्हापूरच्या व्हिसा-केंद्रात काचेपलीकडच्या मुलीनं हे आकडे सांगितले, तेव्हा शिरीषरावांना आधी आनंदच झाला. शाळेत त्यांना कशातही चौऱ्याण्णव मिळाले नव्हते. मग दुसरा आकडा डोक्यात शिरला.

"एकवीस? शंभरपैकी?"

"हो सर. साठच्या खाली असेल तर व्हिसा देता येत नाही. तुमचा मंजूर आहे, मॅडमचा नाही. एकदा फेरतपासणी मागू शकता."

नीलिमाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

हे गुण कशाचे, ते आधी सांगायला हवं. हसबनीसांची एकुलती एक मुलगी ऋजुता परदेशात असते. कुठल्या देशात ते मी सांगणार नाही, उद्या मलाही व्हिसा लागू शकतो. तिला सातवा महिना लागला होता आणि नवरा महिन्यातला अर्धा काळ भर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. पण डॉक्टरनं विमानप्रवासाला नाही म्हटलं, तेव्हा माहेरानंच उठून तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे आई. बाबांनी सोबत यायचं आणि कुणाच्या पायात यायचं नाही, असं ऋजुतानं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं.

पूर्वी अशा व्हिसासाठी कागद लागायचे. घर स्वतःचं आहे, पेन्शन चालू आहे, म्हणजे हा माणूस तिकडे चिकटून बसणार नाही, परत येणार, असं त्यावरून मानायचे. लोक खोटे कागद करू लागले. मग परतमापक आला.

यंत्रामागची कल्पना जुनी आहे, ती आधी उंदरांत सापडली. उंदीर एखाद्या चक्रव्यूहात स्वस्थ बसलेला असतो, तेव्हाही त्याच्या मेंदूतल्या जागा ओळखणाऱ्या पेशी गप्प नसतात. पुढे ज्या वाटेनं जायचं, ती वाट त्या मनातल्या मनात भराभर चालून घेतात. माणसाचंही तसंच आहे. परक्या घरात तुम्ही निवांत बसलात, की मेंदू तुमच्या नकळत परतीच्या वाटेची उजळणी करतो. स्टेशन, रिक्षा, कोपऱ्यावरचं मेडिकल, आपलं फाटक. ज्यानं न परतण्याचं मनोमन ठरवलं असेल, त्याची उजळणी बंद पडते. या पेशी चमकल्या की अतिशय क्षीण चुंबकीय लहरी उठतात. त्या टिपायला आधी खोलीभर यंत्रसामग्री लागायची, आता ती स्कूटरच्या हेल्मेटएवढ्या टोपात मावते.

तपासणी साधी. आपल्या घराचं आणि गल्लीचं फोननं त्रिमित चित्रण करून द्यायचं. टोप आणि चष्मा घालून आधी त्या चित्रातल्या घरात फिरायचं, म्हणजे कुठल्या जागेला मेंदू कसा चमकतो ते यंत्र शिकतं. मग चष्म्यात मुलीचं परदेशातलं घर दिसतं. तिथे नुसतं बसायचं. कुणी काही विचारत नाही. मन परतीची वाट किती वेळा आणि कुठपर्यंत चाललं, ते मोजून गुण देतात.

आता असं यंत्र दुसऱ्या कुणाच्या घरात शिरलं असतं, तर लोकांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. पण शिरीषराव वीजखात्याच्या भरारी पथकातून निवृत्त झालेले. वीजचोर पकडण्यात सगळी नोकरी गेली. मीटरच्या सीलकडे बघून ते सांगत, हे उघडून पुन्हा बसवलंय. "मीटर खोटं बोलत नाही, मीटर फिरवणारा बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य मिरजेतल्या अर्ध्या बाजारपेठेनं ऐकलेलं होतं. एकवीस हा आकडा मीटरनं दिला होता. म्हणजे फिरवणारं माणूस शोधायला हवं होतं.

कोल्हापूरहून परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसले आणि दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत राहिले.

*

व्हिसाचं काम मिरजेच्या मुजावर एजंटानं केलं होतं. मिठाईच्या दुकानावरच्या त्याच्या कचेरीत शिरीषराव एकटेच गेले. बायकोला सांगितलं, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला जातो.

"काका, टेन्शन घेऊ नका. फेरतपासणीत पुष्कळ सुटतात." मुजावरनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा बघा तुमचा नकाशा."

पडद्यावर हसबनीसांचं घर वरून दिसत होतं. फाटकातून एक हिरवी रेघ आत आली होती, उंबरठा ओलांडून बाहेरच्या खोलीत शिरली होती आणि खिडकीपाशी एका ठळक ठिपक्यात संपली होती.

"ही तुमची बसायची जागा का?"

"खुर्ची आहे तिथे. नायलॉनच्या पट्ट्यांची."

"दर खेपेला तुमचं मन सरळ खुर्चीत जाऊन बसलंय. एकदम फर्स्ट क्लास. आणि ह्या काकू."

दुसरी रेघ तितकीच ठळक होती. मोठ्या रस्त्यावरून निघाली होती, कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी वळली होती, फाटकातून आत आली होती. आणि दारात थांबली होती. ठिपका बरोब्बर उंबरठ्यावर होता.

"आत नाही गेली," शिरीषराव म्हणाले.

"एकदाही नाही. यंत्र काय धरतं, घरात पोचलं तर परत आलं. दारापर्यंतचं मोजत नाही." मुजावरनं आवाज खाली आणला. "काका, राग मानू नका. घरात काही भांडण वगैरे?"

"भांडायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणून शिरीषराव उठले, पण जिना उतरताना तीच रेघ डोळ्यांपुढे होती. मिरजेपर्यंत येते, गल्लीत येते, दारापर्यंत येते आणि आत येत नाही. आत काय आहे? आत तर ते स्वतः आहेत.

*

संशयाचं एक बरं असतं, त्याला पुरावा शोधावा लागत नाही, पुरावेच त्याला शोधत येतात.

गेले काही आठवडे नीलिमाताई त्यांना स्वयंपाक शिकवत होत्या. कुकरला किती शिट्ट्या, वरणाला हिंग कधी. तेव्हा शिरीषरावांना ते लाडाचं वाटलं होतं. आता वाटलं, ही आपल्यामागची सोय लावते आहे. तुळशीची कुंडी शेजारच्या भोसेकरवहिनींना देताना ती म्हणाली होती, "तुमच्याकडेच छान वाढेल." तुमच्याकडेच? ऋजुतासाठी विणलेल्या झबल्यांबरोबर तिनं स्वतःलाही एक जाड स्वेटर विणला होता. तीन महिन्यांसाठी जाणारं माणूस एवढा जाड स्वेटर विणतं?

नीलिमाताई भाजीला गेल्या तेव्हा शिरीषरावांनी दार लावून घेतलं आणि त्यांची सूटकेस उघडली. छापा घालायची जुनी सवय. वरचे कपडे जसे होते तसे काढून पलंगावर ठेवले, म्हणजे पुन्हा तसेच लावता येतील. मेतकूट, डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची दुपटी. आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला मिसळणाचा डबा.

पितळेचा, नीलिमाताईंच्या आईचा. लग्नात त्यांच्याबरोबर आलेला आणि त्यानंतर ओट्यावरून कधी न हललेला. ओट्यावर आता प्लास्टिकचा नवा डबा होता आणि तो कधी आला, हे शिरीषरावांच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यांनी डबा पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि कपडे त्याच क्रमानं वर लावले.

*

रविवारी ऋजुताचा फोन आला. भिंतीवरच्या पडद्यावर तिचा सुजलेला चेहरा दिसला. तिलाही एकवीसचा आकडा कळला होता, केंद्रानं यजमान म्हणून तिला कळवलं होतं.

"आई, एक विचारू? तुला इकडेच राहायचंय का?"

"म्हणजे?"

"तसं असेल तर सांग ना मोकळेपणानं. आम्हाला आधी बघावं लागेल. दोनच खोल्या आहेत गं. शिवाय तू नियम मोडून राहिलीस तर आमचं इथलं नागरिकत्व अडकतं. यंत्र काहीतरी बघूनच म्हणत असेल ना?"

"मी तुझं बाळंतपण करायला येते आहे, ऋजू. जागा अडवायला नाही."

"तसं नाही म्हणत मी..."

"पाय वर करून झोपत जा. सूज आलीये." नीलिमाताईंनी फोन बंद केला.

शिरीषराव खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. खरं म्हणजे त्यांना मुलीचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की चला, संशय फक्त आपल्यालाच नाही. या विचाराची त्यांना लाज वाटली, तरी तो गेला नाही.

*

उलगडा केला तो भोसेकरवहिनींनी. तुळशीचं पान द्यायला म्हणून आल्या आणि सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, घराचं चित्रण तुम्ही कधी केलंत? कोल्हापूरला निघालात त्या सकाळीच ना? मी होते की इथे! तिथेच तुमच्या आतेबहिणीकडे मुंज होती, चार दिवस घर बंद राहणार होतं. नीलिमाताईंनी देव तांदळात ठेवले होते, सोफ्यावर चादरी, तुळस माझ्याकडे. देवघर रिकामं, घर सगळं झाकलेलं. अशा घराची कुणाला ओढ वाटेल? यंत्राला काय माहीत आपले देव तांदळात बसलेत!"

परगावी जाताना घरातल्या देवांची पूजा खंडित व्हायला नको, म्हणून त्यांना तांदळाच्या डब्यात ठेवायचे, म्हणजे ते उपाशीही राहत नाहीत. नीलिमाताई वर्षानुवर्षं हेच करत आल्या होत्या. चित्रण करायचं राहिलंय हे शिरीषरावांना रिक्षा दारात आल्यावर आठवलं होतं.

वहिनींचं म्हणणं मुजावरलाही पटलं. "काका, देव बाहेर काढा, घर मांडा, झकास चित्रण करा. अर्जात लिहू, धार्मिक कारणानं घर नेहमीच्या स्थितीत नव्हतं."

सगळ्यांना पटलं, शिरीषरावांना सोडून. त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत धीर धरला.

"नीलिमा, घर एकच होतं. माझ्या वेळीही देव तांदळातच होते. चादरी होत्या, तुळस नव्हती. मग मला चौऱ्याण्णव कसे?"

नीलिमाताईंनी घास खाली ठेवला. "हेच चाललंय का गेला आठवडाभर? सूटकेस उचकलीत ते यासाठी?"

"तुला कसं कळलं?"

"कपड्यांच्या घड्या तुमच्या हातच्या. एवढी तपासणी येते, घडी घालता येत नाही."

"मिसळणाचा डबा कशाला घेतलास?"

"ऋजूला द्यायला. माझ्या आईनं मला दिला, मी तिला देते आहे. स्वयंपाक शिकवते आहे, कारण तिकडे मी बाळंतिणीचं बघणार, तुम्हाला कोण वाढणार? स्वेटर जाड झाला, कारण लोकर उरली होती. अजून काय सापडलंय?"

"ठिपका," शिरीषराव म्हणाले. "तुझी वाट दारापर्यंत येते आणि थांबते. मी बघितलंय. तू आत येत नाहीस. आत मी आहे, नीलिमा. मला एवढंच सांग, माझं काय चुकलं?"

हे ऐकून नीलिमाताईंचा राग कुठल्या कुठे गेला. मग त्यांनीच उलट विचारलं, "आपण प्रवासाहून येतो, तुम्ही कुलूप उघडता. मग काय करता?"

"काय करणार? आत येतो. बसतो."

"खुर्चीत. मग?"

मग काय, ते शिरीषरावांना आठवलं. मग ते म्हणत, चहा टाक.

"हंपीहून आलो तेव्हा मला ताप होता," नीलिमाताई म्हणाल्या.

"आठवतंय. मी गोळी दिली होती."

"दिली होतीत. मग खुर्चीत बसून म्हणालात, बाहेरचं खाऊन कंटाळा आलाय, नुसता पिठलं-भात कर. मी केला. त्याच्या आधी देव तांदळातून काढून धुतले, झाडलं, पाणी भरलं. तुमची काही चूक नाही, मीही कधी बोलले नाही." त्यांनी ताटाकडे बघत बोट फिरवलं. "मी दारात आले ना, की मला घर दिसत नाही. धूळ दिसते, कपड्यांचं गाठोडं दिसतं, उद्याचं दूध दिसतं. तुम्ही घरी येता ते बसायला. मी येते ती कामाला लागायला. म्हणून मन जरा वेळ दारात थांबत असेल. तुम्हाला सोडून जायचं त्यात कुठून आलं?"

"मग परत यायचंय तुला?"

"यायचंय की. आत यायचं जिवावर येतं."

शिरीषराव उठले आणि त्यांनी दोघांची ताटं उचलली. मोरीत बसून ती घासली. तीस वर्षं दुसऱ्यांची मीटरं तपासली. आपल्या घरात कोण किती जळतंय, ते मोजायचं राहूनच गेलं होतं.

*

फेरतपासणी पाच आठवड्यांनी होती. दुसऱ्या दिवशीपासून शिरीषरावांनी घर हातात घेतलं. सकाळचा चहा, केर, कुकर, दूध, पाणी. निवृत्त अधिकाऱ्याच्या शिस्तीनं ते कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी वरण करपलं.

आता संशय घ्यायची पाळी नीलिमाताईंची होती, आणि त्या काही कच्च्या नव्हत्या. बेसिनखाली वाकून बघत. फडका धुतलाय का नुसता पिळलाय, ते हुंगून बघत. भरारी पथक घरात आलं होतं आणि ते शिरीषरावांच्या पथकापेक्षा कडक होतं.

"व्हिसा मिळाला की पुन्हा ‘चहा टाक’," त्या एकदा म्हणाल्या.

"नाही म्हणणार. शपथ."

"परीक्षेपुरता अभ्यास मुलंही करतात."

"अगं, पण मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगताय. माझं मन अजून ऐकत नाही, त्याला मी काय करू? मला ठरवून विश्वास ठेवता येत नाही. आणि त्या टोपात तुमचं सांगणं दिसत नाही, माझं मन दिसतं."

आयुष्यात पहिल्यांदा एखादं मीटर शिरीषरावांना फिरवायचं होतं आणि ते फिरवण्याचा एकही चोरटा मार्ग नव्हता. वरण नीट करत राहायचं, एवढंच हातात होतं.

नीलिमाताईंना मात्र हातात काही नसल्याची सवय होईना. पहिले काही दिवस त्या खुर्चीच्या कडेवर बसायच्या आणि आत काही वाजलं की उठायच्या. मग उठणं कमी झालं. एके सकाळी शिरीषराव दूध घेऊन आले, तर बाई खुर्चीत पाय वर घेऊन, पाठ टेकून बसल्या होत्या. खिडकीबाहेरच्या पेरूवर पोपट उतरले होते.

"हे रोज येतात?" त्यांनी विचारलं.

"रोज. याच वेळेला."

"मला कधी बोलला नाहीत."

त्या उठल्या नाहीत. शिरीषराव दुधाची पिशवी हातात घेऊनच दिवाणावर बसले. तिथून पोपट दिसत नव्हते. आपली खुर्ची गेली, हे त्यांना कळलं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

*

चित्रणाच्या दिवशी भोसेकरवहिनी तुळस घेऊन हजर झाल्या. मुजावरनं फोनवर तीनदा बजावलं होतं, देवघरात देव हवेत, समई हवी, घर भरलेलं दिसायला हवं.

नीलिमाताईंनी देव उचलले आणि तांदळाच्या डब्यात ठेवले. सोफ्यावर चादरी टाकल्या.

"अगं, हे काय करतेस?" शिरीषराव ओरडलेच. "त्याच कारणावर तर अर्ज केलाय!"

"तीन महिन्यांनी मी येणार ती कुठल्या घरात? अशाच ना? मग असंच दाखवा. सजवलेल्या घरात कुणीही पाऊल टाकेल. मला बघायचंय, या घरात टाकते का."

"आणि नाही टाकलंस तर? ऋजूकडे कोण जाणार?"

नीलिमाताईंचा चेहरा पडला. मुलगी तिकडे एकटी होती, फोनवर दोनदा माफी मागून रडली होती. पण त्यांनी मान हलवली. "काढा चित्रण."

कोल्हापूरला त्या टोप घालून आत गेल्या, तेव्हा शिरीषराव बाहेरच्या बाकावर बसले. घरी त्यांनी सगळं केलं होतं, पण सगळं म्हणजे पाच आठवडे. त्याआधीची चौतीस वर्षं तिच्या डोक्यात होती आणि यंत्र ती पण वाचणार होतं. मी तिच्या जागी असतो तर ठेवला असता का विश्वास, असं त्यांनी स्वतःला विचारलं. भरारी पथकातला माणूस म्हणाला, नसता ठेवला.

काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "त्रेसष्ट."

शिरीषरावांनी तिला आकडा पुन्हा उच्चारायला लावला. मग त्यांना रडूच आलं आणि त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

मुजावरच्या कचेरीत या वेळी दोघं गेले. त्यानं नकाशा उघडला आणि हसायलाच लागला. रेघ दारात थांबली होती, बऱ्याच वेळा थांबली होती, तिथे ठिपक्यांचा पुंजकाच होता. पण त्यातून काही रेघा सुटून आत गेल्या होत्या आणि सगळ्या एकाच जागी मिळाल्या होत्या. खिडकीपाशी.

"काका, दोघांचा ठिपका एकाच खुर्चीत! आता एकजण मांडीवर बसणार का?"

शिरीषराव नकाशा न्याहाळत होते. स्वयंपाकघराकडे एकही रेघ गेली नव्हती. दिवाणाकडेही नाही. "म्हणजे माझ्याकडे नाहीच आली तू. खुर्चीकडे आलीस."

"आत आले ना?" नीलिमाताई म्हणाल्या. "पुढचं पुढे बघू."

*

नात झाली. नाव ठेवलं ईरा. ऋजुताच्या दोन खोल्यांत पाच माणसं मावली. बाबांनी केलेला मऊ भात आणि मेतकूट खाताना ऋजुता म्हणाली, "बाबा, तुम्ही हे कधी शिकलात?"

"व्हिसासाठी," नीलिमाताईंनी परस्पर उत्तर दिलं. त्या हसत होत्या, पण नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

पितळेचा डबा ऋजुताच्या ओट्यावर ठेवून, तिला आणि बाळाला पुन्हापुन्हा जवळ घेऊन दोघं ठरल्या तारखेला परत निघाले. चोवीस तासांचा प्रवास, त्यात मुंबईहून मिरजेपर्यंत गाडीत बसल्याजागी कलंडून घेतलेली झोप. दुपारच्या उन्हात रिक्षा कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी वळली आणि फाटकाशी थांबली.

शिरीषरावांनी कुलूप उघडलं. बंद घराचा वास आला. त्यांनी बॅगा आत ओढल्या, खिडकी उघडली, आणि त्यांचे पाय त्यांना न विचारता खुर्चीकडे वळले. ते बसले. पट्ट्या करकरल्या. कमरेतला प्रवासाचा ताठरपणा एकदम सुटला आणि तोंडातून आपोआप निघालं, "हुश्श. च..."

तिथेच जीभ अडकली.

नीलिमाताई उंबरठ्यावर उभ्या होत्या. चपला काढलेल्या नव्हत्या, खांद्यावर पर्स तशीच. त्या रागावलेल्या नव्हत्या. शिरीषराव जसे आयुष्यभर मीटरच्या सीलकडे बघत आले, तशा त्या त्यांच्याकडे बघत होत्या. नकाशावरचा ठिपका याच जागी होता.

शिरीषराव उठले. काही सांगायला, समजवायला गेले नाहीत, त्याला आता अर्थ नव्हता. आत गेले, हातपाय धुतले, गॅसवर पाणी ठेवलं. दूध नव्हतं, कोराच करावा लागणार होता. मग त्यांनी तांदळाचा डबा खाली घेतला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. अन्नपूर्णा लगेच लागली. बाळकृष्ण काही केल्या सापडेना.

बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. ती अजून दारातच उभी आहे का? की परत फाटकाकडे गेली, वहिनींकडे? स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं डोकं काढलं असतं तरी दिसलं असतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

या वेळी त्यांनी बघितलं नाही. तांदळात बोटं फिरवत राहिले. चहाच्या पाण्याला उकळी आली, बाळकृष्ण बोटांना लागला, आणि तेवढ्यात बाहेर खुर्चीच्या पट्ट्या करकरल्या.